दिनविशेष : १५ ऑक्टोबर
संघम रेडिओचा पहिला सूर (२००८)

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आता तेलंगणात असलेल्या माचनूर गावातून आजच्या दिवशी ९०.४ मेगाहर्ट्‌झवर ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. चालवणाऱ्या सगळ्या खेड्यातल्या दलित बायका. माइकसमोर दोन नरसम्मा. एकीला सगळे ‘जनरल’ म्हणत, दुसरी अलगोल गावची. स्टुडिओ १९९८ पासून सज्ज होता, परवाना मात्र नव्हता. या बायका थांबल्या नाहीत. बियाणं, ज्वारी, घरगुती औषधं, शेतातली गाणी असं सगळं आपल्या तेलुगू बोलीत कॅसेटवर भरून त्यांनी बैठकांमधून ऐकवलं. उद्घाटनाला आले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता, हा १९९५ चा ऐतिहासिक निकाल त्यांचाच. याहून योग्य पाहुणा कोण मिळणार होता!