छत्तीस तास आणि सात वर्षं

माझे आजोबा दौंडला रेल्वेत होते. गोव्याची गाडी दिसली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं : "छत्तीस तासांत घेतलं आपण गोवं." मीही अनेक वर्षं तेच सांगत आलो.

गेल्या हिवाळ्यात शिरूरच्या घरी, कंपनीच्या रात्रपाळीत, एक पोर्तुगीज सिनेमा पाहिला. इव्हो फेरेरा यांचा 'कार्तास दा गेरा' (2016), म्हणजे 'युद्धातली पत्रं'. 1971 साली अंगोलात पाठवलेला एक तरुण लष्करी डॉक्टर आपल्या गरोदर बायकोला पत्रं लिहितो. पुढे मोठा लेखक झालेल्या लोबो अंतुनेस यांची ही खरी पत्रं. पडद्यावर कृष्णधवल युद्ध आणि कानावर प्रेमपत्रं. साम्राज्य राखायला पाठवलेल्या त्या पोराला फक्त घरी जायचंय.

मग सुझाना द सौझा दियास यांचा '48' (2009) हा माहितीपट पाहिला. आकडा हुकूमशाहीच्या वर्षांचा, 1926 ते 1974. पडद्यावर जवळजवळ फक्त राजकीय कैद्यांचे पोलिसांनी काढलेले फोटो दिसतात आणि मागून त्याच कैद्यांचे म्हातारपणीचे आवाज येतात.

ते चेहरे बघताना मला मोहन रानडे आठवले. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे. गोव्यात शिक्षक म्हणून राहिले आणि आझाद गोमंतक दलात गेले. 1955 साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. शिक्षा 26 वर्षांची. पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात नेलं. सालाझारचे गुप्त पोलीस स्वतःच्या देशातल्या विरोधकांनाही तिथेच डांबत. पोर्तुगीज भाषेतले गोमंतकीय कवी तेलो मास्कारेन्यस यांनाही पोर्तुगालमध्येच तुरुंगवास झाला. ज्या भाषेत कविता लिहिली, तिच्याच राज्यकर्त्यांनी कोंडलं.

18-19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झालं. पकडलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपण 1962 च्या मध्यापर्यंत परत पाठवले. रानडे मात्र आतच राहिले. गोवा भारताचं झालं हे पोर्तुगालने 1974 पर्यंत मान्यच केलं नाही; त्यांच्या लेखी ते 'आपल्याच' प्रांतातले गुन्हेगार होते. राजनैतिक संबंध तुटलेले, त्यामुळे सरळ वाट नव्हती. सुधीर फडके सुटकेसाठी झटत राहिले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपकडे शब्द टाकला. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले, मुक्त गोव्यानंतर सात वर्षांनी.

आमच्या नदीपलीकडे नगर जिल्हा. तिथल्या पारनेरचे सेनापती बापट 1955 मध्ये, पंचाहत्तरीला टेकलेले असताना, ना. ग. गोऱ्यांबरोबर सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत गोव्यात शिरले. हे शाळेत कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. छत्तीस तास तेवढे आठवतात.

पोर्तुगीजांनी निदान आपल्या कैद्यांना म्हातारपणी कॅमेऱ्यामागून विचारलं : तो फोटो काढला तेव्हा काय वाटत होतं? रानडे जून 2019 मध्ये पुण्यात गेले. मी तेव्हा हिंजवडीत पहिल्या नोकरीला होतो. तासाभराच्या अंतरावर. विचारता आलं असतं. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.