स्त्रीरोगविज्ञानातील लेसर शस्त्रक्रिया

लेसर किरणांच्या साहाय्याने स्त्रीजननेंद्रियांतील विकृत ऊतक छेदणे, वाफेच्या रूपाने नष्ट करणे किंवा गोठवून रक्तस्राव थांबविणे, या क्रियांस ही संज्ञा देतात. पहिला लेसर थीओडोर मेमन यांनी १९६० मध्ये तयार केला. तथापि या शाखेस विशेष उपयोगी पडलेला कार्बन डाय-ऑक्साइड लेसर १९६४ मध्ये सी. कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा व अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे.

या लेसरची तरंगलांबी १०·६ मायक्रोमीटर असून तो ऊतकातील पाण्यात तत्काळ शोषला जातो. त्यामुळे वरचा पातळ थर तेवढा नाहीसा होतो व खालच्या ऊतकास अल्प इजा पोहोचते. इझ्राएलमधील आयझॅक काप्लान व त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये गर्भाशय ग्रीवेच्या क्षरणावर त्याचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे कॉल्पोस्कोप या विवर्धक उपकरणास लेसर जोडून ग्रीवेतील कर्करोगपूर्व विकृती सु. ७ मिमी. खोलीपर्यंत नष्ट करण्यात येऊ लागल्या. तत्पूर्वी अशा विकृतीसाठी ग्रीवेचा मोठा शंक्वाकार भाग, पुष्कळदा तर संपूर्ण गर्भाशयच, काढून टाकीत. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हता.

अतिरिक्त मासिक स्रावावर गर्भाशयाचा अंतःस्तर निओडिमियम-याग लेसरने नष्ट करण्याची पद्धती गोल्डरॅथ यांनी १९८१ मध्ये मांडली. या लेसरची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळील ज्या गुरुत्वीय तरंग वेधशाळेस केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली, तिच्या ४ किमी. लांबीच्या भुजांसाठीही हीच तरंगलांबी योजलेली आहे.

लेसर यंत्र महाग, त्याची देखभाल अवघड. शिवाय धूर शोषून घेणे व डोळ्यांचे रक्षण करणे आवश्यक असते. १९८९ नंतर तारेच्या विद्युत् पाशाने विकृत भाग कापून काढण्याची स्वस्त पद्धती प्रचारात आली व ग्रीवेच्या उपचारांत लेसर मागे पडला. जिल्हा पातळीवरील रुग्णालयांच्या दृष्टीने हा बदल इष्टच म्हटला पाहिजे.

मराठवाड्यातच त्याचा प्रत्यय आला. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत आढळलेल्या कर्करोगपूर्व विकृतींवरील उपचार मुख्यत्वे अतिशीत शल्यक्रिया व विद्युत् पाश यांनी झाले. पॅपिलोमा विषाणूची एकच चाचणी ज्या गटास देऊ केली, त्या गटात ग्रीवेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे निम्मे आढळले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवल्याबद्दल मात्र पुढे कठोर टीका झाली.