क्रूझवर केबिन नेमकी कुठली घ्यावी?

क्रूझची सहल ठरविताना बहुतेक प्रवासी दोनच प्रश्न विचारतात. भाडे किती, आणि खिडकी आहे का? ट्रॅव्हल कंपन्यांची दरपत्रकेही याच बेताने छापलेली असतात. आतली, म्हणजे बिनखिडकीची केबिन सर्वांत स्वस्त. त्यानंतर समुद्राकडे खिडकी असलेली, मग बाल्कनीची आणि सर्वांत महाग स्वीट. ही उतरंड झाली खोलीच्या प्रकाराची. ती खोली जहाजाच्या कोणत्या भागात आहे, तिच्या छतावर काय आहे आणि जमिनीखाली काय आहे, हे दरपत्रकात सहसा नसते. रात्री झोप लागेल की नाही, बोट लागेल की नाही आणि घरातल्या वृद्धांना दिवसातून किती पायपीट करावी लागेल, हे मात्र मुख्यतः या माहितीवरच ठरते. हॉटेलातली खोली पसंत पडली नाही, तर शेजारचे हॉटेल गाठता येते. भरलेल्या जहाजावर ती सोय नाही. वर्षभर पैसे साठवून आईवडिलांसह निघालेल्या कुटुंबाला मिळालेल्या खोलीतच सारी सफर काढावी लागते.

मुंबईकरांना हा विषय आता परका राहिलेला नाही. २००५ मध्ये स्टार क्रूझेसचे ‘सुपरस्टार लिब्रा’ हे जहाज मुंबईत आले. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर धावू लागली. या दोन्ही सेवा पुढे बंद पडल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसने ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सुरू केले. शिवाय सिंगापूर, भूमध्य समुद्र आणि अलास्का येथील सफरी करणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्याही कमी नाही. जहाज लहान असो वा मोठे, केबिनच्या जागेचे गणित सर्वत्र सारखेच असते.

एसटीचे मागचे बाक

जहाजाच्या हालचालींपैकी प्रवाशाला मुख्यतः तीन जाणवतात. लाट समोरून आली, की पुढचे टोक वर उचलले जाते आणि मागचे खाली जाते. नंतर याच्या उलट होते. लाट बाजूने आली, की जहाज डावीकडे-उजवीकडे कलते. तिसरी हालचाल म्हणजे संपूर्ण जहाजाचे सरळ वर-खाली होणे. पहिल्या हालचालीत जहाज एखाद्या सी-सॉसारखे वागते. त्याची टोके सर्वांत जास्त हलतात आणि मध्यभाग जवळजवळ स्थिर राहतो. खड्ड्यातून जाणाऱ्या एसटीच्या मागच्या बाकावर बसलेला माणूस जसा उडतो, तसा मधल्या बाकावरचा उडत नाही. त्यातलाच हा प्रकार. बाजूला कलण्याचे गणित उंचीशी निगडित आहे. जहाज ज्या अक्षाभोवती कलते, तो पाण्याच्या पातळीजवळपास असतो. साहजिकच वरच्या डेकवरची खोली खालच्या खोलीपेक्षा मोठा झोका घेते.

आधुनिक जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना माशाच्या परांसारखी पाती असतात. त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ही पाती डावी-उजवी डुलण्याची क्रिया बरीच कमी करतात. पुढचे टोक वर-खाली होण्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही. ‘आमच्या जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, कुठलीही केबिन घ्या’ असे एजंट सांगतो, ते म्हणूनच अर्धेच खरे असते. बोट लागण्यास कारणीभूत ठरते ती प्रामुख्याने वर-खाली हालचाल, आणि तीही संथ. साधारणपणे पाच-सहा सेकंदांत एक फेरी पूर्ण होईल, अशा गतीने होणारे हिंदकळणे माणसाला सर्वाधिक त्रासदायक असते. ही हालचाल पुढच्या व मागच्या टोकांच्या केबिनमध्ये सर्वांत तीव्र असते.

तेव्हा ज्याला बोट लागण्याची भीती आहे, त्याने जहाजाच्या लांबीचा मधला तृतीयांश भाग आणि प्रवासी डेकपैकी खालचे एकदोन मजले एवढ्यातच केबिन शोधावी. येथे दरपत्रक त्याच्या बाजूचे असते, कारण खालच्या डेकचे भाडे बहुधा कमीच असते. खिडकीचा प्रश्न मात्र थोडा गुंतागुंतीचा आहे. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘आपण हलत आहोत’ असे सांगते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. अशा वेळी क्षितिजाकडे पाहिल्याने आराम पडतो. म्हणून बोट लागणाऱ्यास मध्यभागातील, खालच्या डेकची, खिडकी असलेली केबिन सर्वांत सोयीची. तेवढे पैसे खर्चायचे नसतील, तर मध्यभागातील बिनखिडकीची खोलीही टोकाच्या बाल्कनीपेक्षा बरी. मळमळू लागल्यास उघड्या डेकवर जाता येते.

जुन्या काळी जहाजबांधणी करणाऱ्यांना आणि प्रवाशांनाही हे ठाऊक होते. १९१२ मध्ये बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गाच्या खोल्या मध्यभागी होत्या आणि तिसऱ्या वर्गाचे प्रवासी पुढच्या व मागच्या टोकांना होते. भाडे आणि आराम यांचे नाते तेव्हा सरळ होते. पुढे समुद्रप्रवास ही गरज उरली नाही, ती हौस झाली. देखाव्याला किंमत आली. १९८४ च्या ‘रॉयल प्रिन्सेस’ या जहाजावर प्रवाशांची एकही केबिन बिनखिडकीची नव्हती, आणि बाल्कन्याही पुष्कळ होत्या. नव्वदच्या दशकात बाल्कनीची केबिन सर्रास झाली, आणि महागड्या खोल्या वरच्या मजल्यांवर सरकल्या. आज अगदी वरच्या डेकवर, पुढच्या टोकाला असलेला प्रशस्त स्वीट पुष्कळ पैसे मोजून घेणारा प्रवासी प्रत्यक्षात जहाजाच्या सर्वांत जास्त हलणाऱ्या कोपऱ्यात झोपतो. समुद्र शांत असेल तर प्रश्न नाही. खवळलेल्या समुद्रात त्या उंचीचा उपयोग काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वर काय, खाली काय

हालचालीचा त्रास समुद्रावर अवलंबून असतो; आवाजाचा त्रास मात्र रोजचा. त्यावर उपाय एकच. प्रत्येक कंपनी आपल्या जहाजाचा मजलावार आराखडा, म्हणजे डेक प्लॅन, प्रसिद्ध करते. तो मागून घ्यावा किंवा संगणकावरून छापून घ्यावा. आपल्या केबिनचा मजला, त्याच्या वरचा मजला आणि खालचा मजला असे तीन कागद एकावर एक ठेवून पाहावेत. वर-खाली, दोन्हीकडे केबिनच असतील, तर निम्मी काळजी मिटली.

वर जलतरण तलाव किंवा बुफेचे उपाहारगृह असेल, तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचे आणि ट्रॉल्या फिरल्याचे आवाज येतात. वर धावण्याची मार्गिका असेल, तर पावलांचा धपधप आवाज. खाली नाट्यगृह, डिस्को किंवा बार असेल, तर मध्यरात्र उलटेपर्यंत ढोलताशांचा नाही, पण त्याच्या जवळपास जाणारा ठेका पलंगातून जाणवतो. आराखड्यावर काही जागा कोऱ्या सोडलेल्या असतात. नवखा प्रवासी त्यांकडे दुर्लक्ष करतो, पण तेथे बहुधा स्वयंपाकघर, भांडार किंवा कर्मचाऱ्यांचे जिने असतात. कर्मचाऱ्यांची ये-जा रात्रभर चालू राहते. कोऱ्या जागेला लागून असलेली केबिन शक्यतो टाळावी. लिफ्टच्या अगदी समोरची खोलीही टाळावी. पाचसहा दारे पलीकडची चालेल.

पुढच्या टोकाच्या खालच्या केबिनना आणखी एक जाच आहे. बंदरात शिरताना जहाज बाजूला सरकविणारे पंखे, थ्रस्टर, तेथे पाण्याखाली असतात. बंदरात पोहोचण्याची वेळ बहुधा पहाटेची, त्यामुळे त्यांच्या घरघरीने जाग येते. जहाज नांगर टाकणार असेल, तर साखळीचा खडखडाट वेगळाच. मागच्या टोकाला इंजिन व पंख्यांची थरथर जाणवते. जुन्या जहाजांवर ती अधिक. या मागच्या टोकाचे चाहतेही आहेत, कारण तेथील बाल्कन्या अनेकदा मोठ्या असतात आणि मागे उमटत जाणारा फेसाळ पट्टा दिसतो. समोर पाहणाऱ्या अगदी पुढच्या केबिनचे मात्र अनेकांना ठाऊक नसते, की रात्री तेथील पडदे बंद ठेवण्याची सूचना असते. जहाज चालविणाऱ्या अधिकाऱ्यांना अंधारात पुढचे पाहण्यात खोलीतील उजेडाचा अडथळा होऊ नये, हे त्याचे कारण.

खिडकीबाबत एक शब्द लक्षात ठेवावा: ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’, म्हणजे अडलेला देखावा. जीवरक्षक नौका जहाजाच्या बाहेरच्या अंगाला टांगलेल्या असतात, आणि त्यांच्यामागच्या खिडक्यांतून समुद्राऐवजी नौकेची पाठ दिसते. अशा केबिन स्वस्त असतात. देखावा नको, दिवसाचा उजेड तेवढा हवा, असे म्हणणाऱ्यास हा सौदा उत्तम आहे. फसवणूक होते ती न विचारता घेणाऱ्याची. काही बाल्कन्यांना काचेच्या कठड्याऐवजी पोलादी कठडा असतो आणि बसल्यावर समुद्र दिसत नाही, हेही विचारून घ्यावे. रॉयल कॅरिबियनच्या १९९९ च्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’पासून जहाजाच्या आतल्या बाजारपेठेकडे उघडणाऱ्या खिडक्यांच्या केबिनही आल्या. खिडकी म्हणजे समुद्रच, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

डावी की उजवी?

उंची आमि रचना यांनंतर प्रश्न येतो बाजूचा. श्रीमंती थाटाला आपण मराठीतही ‘पॉश’ म्हणतो. या शब्दाची एक लोकप्रिय कथा थेट मुंबईशी जोडलेली आहे. इंग्लंडहून मुंबईला येणारे साहेब जाताना जहाजाची डावी आणि परतताना उजवी बाजू घेत, म्हणजे ऊन टळे. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर उमटवली जात आणि त्यातून ‘पॉश’ शब्द झाला, अशी ही कथा. तसा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही आणि शब्दकोशकार ही व्युत्पत्ती मानत नाहीत. त्यामागचे ऊन-सावलीचे गणित मात्र बरोबर आहे. तांबड्या समुद्रातून आग्नेयेकडे येताना दुपारचे ऊन उजव्या अंगावर येते.

तोच हिशेब मुंबई-गोवा सफरीला लावून पाहावा. दक्षिणेकडे जाताना किनारा डावीकडे असतो आणि सूर्यास्त उजवीकडे. परतताना हे उलटे होते. सूर्यास्त पाहायचा असेल, तर जाताना उजवी बाजू चांगली. उन्हाच्या झळा नको असतील, तर डावी. येण्याजाण्याची सफर एकाच केबिनमध्ये होत असल्याने एक संध्याकाळ मिळते आणि एक जाते. किनाऱ्यापासून फार दूर जाणाऱ्या लक्षद्वीपच्या सफरीत किनाऱ्याच्या देखाव्यासाठी बाजू निवडण्यात अर्थ नाही. अलास्कासारख्या एकाच दिशेच्या सफरीत मात्र बाजूचा विचार जरूर करावा.

वृद्ध, मुले आणि चौथी बर्थ

चार जणांचे कुटुंब एका केबिनमध्ये, हा आपल्याकडचा नेहमीचा बेत. तिसरी व चौथी बर्थ बहुधा भिंतीतून किंवा छतातून उघडणारी असते आणि तिच्यावर शिडीने चढावे लागते. आजीआजोबांचे नाव त्या बर्थवर लागणार नाही, हे आधीच पाहावे. दोन खोल्यांना जोडणारे दार असलेल्या केबिन मोठ्या कुटुंबाला सोयीच्या. अनोळखी शेजारी असल्यास त्याच दारातून त्यांचा टीव्ही ऐकू येतो, म्हणून इतरांनी त्या घेऊ नयेत.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्टचे अंतर ही पहिली कसोटी. ‘एम्प्रेस’ची लांबी सुमारे २११ मीटर, तर जानेवारी २०२४ मध्ये प्रवासास निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ची सुमारे ३६५ मीटर. एका टोकाच्या केबिनमधून दुसऱ्या टोकाच्या भोजनगृहात दिवसातून तीनदा जाणे म्हणजे दोन किलोमीटरच्या घरात चालणे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी रुंद दाराच्या, उंबरठा नसलेल्या न्हाणीघराच्या केबिन असतात. त्या मोजक्याच असल्याने बुकिंगच्या दिवशीच मागाव्यात.

बुकिंग करताना ‘गॅरंटी’ नावाचे स्वस्त भाडे सुचविले जाते. त्यात केबिनचा प्रकार ठरतो, पण क्रमांक कंपनी नंतर ठरविते. तरुण, गाढ झोप असणाऱ्या आणि कधी बोट न लागलेल्या प्रवाशाने ते खुशाल घ्यावे. वृद्ध बरोबर असतील, तर थोडे अधिक भरून क्रमांक निश्चित करावा. बहुतेक जहाजांवर क्रमांकाचे पहिले एकदोन अंक डेकचे असतात. निघण्याच्या काही दिवस आधी कंपनीकडून कधीकधी वरच्या श्रेणीची केबिन फुकट देऊ केली जाते. ती पुष्कळदा अधिक उंचीवरची किंवा टोकाची असते. नको असल्यास तसे बुकिंगच्या वेळीच एजंटाला लिहून द्यावे. हवी असल्यास होकार देण्यापूर्वी नवा क्रमांक आराखड्यावर शोधावा.