९९९९ खेळ

१९९७ च्या डिसेंबरात पुसेगावच्या यात्रेत आण्णांनी आमचा खोंड विकला आणि परतताना मला ब्रिक गेम घेऊन दिला. दुकानदारानं दीडशे सांगितले, नव्वदला दिला. सेवागिरी महाराजांच्या रथाला नोटांच्या माळा होत्या, पण माझं लक्ष हातातल्या डब्यावर. त्यावर छापलं होतं : ९९९९ इन १.

एवढे खेळ बघायचे म्हणजे वही पाहिजेच. मी दोनशे पानी वही केली, रोज नंबर घालून लिहायला बसलो. चालू केलं की आधी किरटं गाणं वाजायचं, मग एकेक इंग्रजी अक्षर यायचं. एका अक्षरावर ठोकळे पडायचे, दुसऱ्यावर गाडी पळायची. पुढं रणगाडा, रस्ता ओलांडणारा बेडूक, विटांची भिंत फोडणारा चेंडू. पडदा उभा वीस आणि आडवा दहा चौकोनांचा. त्या दोनशे काळ्या चौकोनांतच सगळा संसार. आमची मोटारगाडी तर सातच चौकोनांची! पण चुकवता चुकवता अंगठे दुखायचे.

ताई तेव्हा बारावीला. तिनं चार दिवस वही बघितली आणि म्हणाली, "आरं येड्या, हा तोच खेळ हाय. नुसता वेग वाढवलाय. एकच भाकरी धा ताटांत वाढलीया." मग तिनंच हिशेब मांडला. वेग बदलला की नवा खेळ धरायचा, पातळी बदलली की आणखी एक. असं करत आकडा फुगवलेला. खरे वेगळे खेळ आम्हांला चौदा सापडले. मला रडू आलं. तिला मात्र ठोकळ्यांचा नाद लागला, आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळायची.

ते ठोकळे मॉस्कोचे, हे मला फार पुढं कळलं. तिथल्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्हनं १९८४ साली टेट्रिस रचला. त्याच्या इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्राला चित्रंच काढता येत नव्हती, म्हणून त्यानं कंसाच्या खुणा जोडून ठोकळे केले. चार-चार चौकोनांचे, सात तऱ्हेचे. १९८९ साली निन्टेंडोच्या गेम बॉयबरोबर तो जगभर गेला. हक्क सोव्हिएत सरकारकडे, त्यामुळं बरीच वर्षं त्या माणसाच्या हाती काही पडलं नाही. आमचा डबा म्हणजे त्याच खेळाची यात्रेतली स्वस्त नक्कल.

डब्याला दोन पेन्सिल सेल लागायचे. आण्णा म्हणायचे, सेल काय झाडाला लागत्यात का? मग मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढायचा आणि माझा मरतुकडा त्यात घालायचा. घड्याळ चालायचं, पण दमलेल्या बैलासारखं.

पावसाळ्यात ताईला डी.एड.च्या प्रवेशासाठी साताऱ्याला जायचं होतं. कागद दाखवायचा शेवटचा दिवस. सव्वासहाची एसटी. आईनं पहाटे उठून दशम्या बांधल्या. घड्याळात सहाला दहा कमी होते तेव्हा ताई अंगणात वेणी घालत होती, आणि त्याच वेळी खालच्या रस्त्यानं एसटी भोंगा देत निघून गेली. पुढची नवाला. ती पोचली तोवर तिचं नाव पुकारून झालं होतं.

रात्री आण्णा घड्याळ खाली काढून म्हणाले, "जुनं झालंय, आता भरवसा न्हाई ह्याचा." मी गोधडीत डबा पोटाशी धरून पडलो होतो. बोललो नाही. पुढच्या साली ताईचं लग्न झालं.

मागच्या दिवाळीत तिच्या पोरानं माळ्यावरचा डबा शोधून काढला. आत सेल फुटून हिरवं साचलेलं. ताईनं पदरानं पडदा पुसला, दोनतीनदा बटण दाबून बघितलं.

"मामा, यात खरंच ९९९९ खेळ हायत?" पोरानं विचारलं.

"चौदा," ताई म्हणाली. "आम्ही मोजल्यात."

घड्याळाचं मी तिला त्या दिवशीही सांगितलं नाही.