पूर्णविराम कोणाचा? मोडी कागद आणि इंग्रजी धर्तीचें वाक्य

आटपाडी महाल १९४८ पर्यंत औंध संस्थानांत होता. विलीनीकरणानंतर तो दक्षिण सातारा जिल्ह्यांत पडला, आणि १९६० सालीं त्याच जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. अंमल असे बदलले, तरी त्या बाजूच्या पाटील-कुळकर्ण्यांच्या घरचे जुने रुमाल मोडींतच राहिले. असे रुमाल सोडून त्यांच्या बाळबोध नकला करणारांपुढें अक्षर लावण्याची अडचण तर असतेच. परंतु तिच्याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे, तिचा विचार येथें करूं. वाक्य कोठें संपतें, हें ठरवावयाचें कोणी?

मोडी लिहिणारा आधीं आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखालीं अक्षरें लटकवीत जातो. दोन शब्दांत अंतर नाहीं, स्वल्पविराम नाहीं, पूर्णविराम नाहीं. पोथ्यांत दंड आढळतो. दप्तरी मोडींत तो बहुधा नसतो. उलट आजचा नकलनवीस शाळेंत इंग्रजी व्याकरण शिकून आलेला. वाक्य म्हणजे एक कर्ता, एक क्रियापद, असल्यास कर्म, आणि शेवटीं टिंब, ही आकृति त्याच्या डोळ्यांत बसलेली असते. ओळ वाचतांच ती आकृति तो तीवर ठेवतो, व आपण कांहीं नवें घातलें हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं.

ही आकृति मराठींत किती उशिरां आली तें पाहण्याजोगें आहे. विल्यम कॅरेचें मराठी भाषेचें इंग्रजी व्याकरण श्रीरामपुरीं १८०५ सालीं छापलें. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ चें. तेव्हां दादोबांचें वय अवघें बावीस वर्षांचें. त्या काळीं इंग्रजी शाळांतून लिंडले मरे याच्या १७९५ च्या व्याकरणाचा बोलबाला होता. मरेनें शब्दांच्या नऊ जाती मानिल्या. आपल्या शालेय व्याकरणांत त्या आठ झाल्या. इंग्रजींतील उपपदास मराठींत जागा नव्हती, तें गळालें; आणि नामाच्या आधीं येणारा शब्द आपल्याकडे नामाच्या मागें लागतो, म्हणून तो शब्दयोगी अव्यय झाला. नाम, आख्यात, उपसर्ग व निपात ही यास्काची चौकडी मुलांस मुखोद्गत न होतां ही आठांची यादी झाली. विरामचिन्हांचें तर स्वतंत्र पुस्तकच लागलें. मेजर कँडीची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० ची आहे. म्हणजे पेशवाई बुडाल्यावर बत्तीस वर्षांनीं जें शास्त्र शिकविलें गेलें, तें आपण पेशवाईंतील कागदांस लावतों.

शब्दांच्या जाती बदलून घेतां आल्या. वाक्याचें तसें झालें नाहीं. इंग्रजींत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग चालतें. मराठींत 'पाटलानें जमीन दिली', 'पाटलानें शेत दिलें' येथें तें कर्माच्या मागें जातें, आणि 'पाटलानें कुळास बोलाविलें' येथें कोणाच्याच मागें जात नाहीं. मोरो केशव दामले यांनीं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथांत प्रयोगांचा एवढा ऊहापोह केला, तो उगीच नव्हे. दप्तरी कागद बहुतेक झालेल्या गोष्टी सांगतो, म्हणून त्यांत कर्मणि व भावे प्रयोगांची गर्दी असते; आणि कर्ता तर लिहिणारा वारंवार गाळतो. क्रियापदावरून गाळलेला कर्ता ओळखूं पाहणारा अशा ठिकाणीं हमखास फसतो.

यांत काय जातें, हें आम्ही रचलेल्या एका ओळीवरून दाखवितों. समजा, वतनाच्या तंट्याच्या निवाडपत्रांत असें आहे: 'पंचांनीं पुसिलें चौगुला बोलिला नाहीं वतन त्याचें'. 'बोलिला' यापुढें विराम घाला, म्हणजे चौगुल्यानें प्रतिपक्षाचें वतन नाकारिलें. 'नाहीं' यापुढें घाला, म्हणजे चौगुला गप्प राहिला आणि वतन प्रतिपक्षाचें ठरलें. अक्षर एकही बदललें नाहीं. निकाल मात्र उलटला. छापील प्रतींत एकदां टिंब पडलें कीं पुढील अभ्यासक तें मूळचेंच समजतो.

जुन्या लेखकांस वाक्याची जाणीव नव्हती, असें मात्र कोणी समजूं नये. टिंबाचें काम ते शब्दांकडून करवीत. 'विज्ञापना ऐसीजे', 'विनंति उपरी' येथें मजकूर सुरू होतो. 'सबब', 'तरी', 'म्हणोन' येथें तो वळतो. 'जाणिजे', 'कळावें', 'हे विनंति' येथें संपतो. कलमबंदी यादींत तर प्रत्येक कलम आपली सीमा आपणच सांगतें. आमच्या मतें नकल करतांना प्रथम हे शब्द शोधावे, कर्ता-कर्म मागाहून. शालेय वाक्यपृथक्करण टाकाऊ नाहीं. अर्थ तपासण्यास तें फार उपयोगी पडतें. पण तें वाचल्यानंतरचें हत्यार आहे.

संपादकानें घातलेलें प्रत्येक विरामचिन्ह चौकटी कंसांत असावें. दोन वाचनें संभवत असतील तेथें विराम न घालतां ओळ जशीच्या तशी छापावी व दोन्ही अर्थ टीपेंत द्यावे. मूळ ओळ जेथें तुटते तेथें उभी रेघ द्यावी. मात्र ती विराम म्हणून वाचूं नये, कारण मोडी ओळ कागदाच्या कडेशीं तुटते, मग तेथें अर्थ पुरा झालेला असो वा नसो.