हरकत, मसलत आणि रजामंदी

सरकारी कामाची नोटीस गावच्या चावडीवर लागते तेव्हा तिच्यात एक शब्द हमखास असतो : 'हरकती'. ज्यांची हरकत असेल त्यांनी अमुक दिवसांत लेखी कळवावे. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत येऊन तीच हरकत अडथळा झाली. दुसरा शब्द 'सल्लामसलत'. यातला सल्ला म्हणजे अरबी 'सलाह' आणि मसलत म्हणजे 'मस्लहत'. दोन्ही शब्द साद, लाम आणि बडी हे या एकाच धातूतून आले. 'इस्लाह' (सुधारणा) आणि 'सुलह' (तह) हीसुद्धा त्याच घरातली भावंडे. बिघडलेले नीट करणे, हा त्या घराचा मूळ अर्थ. तिसरा शब्द 'रजामंदी', म्हणजे संमती. त्यातली 'रजा' मराठीने सुट्टीच्या अर्जात ठेवली, पण तिचा जुना अर्थ राजीखुशीने दिलेली परवानगी असाच आहे.

हे तीन शब्द सांगण्याचे कारण असे की, धरण, खाण किंवा रस्ता बांधताना तिथल्या माणसांना विचारायचे की नाही, याचा आपल्या देशातला शंभर वर्षांचा इतिहास याच तीन पायऱ्यांनी वर चढला आहे. आणि प्रत्येक पायरीवर प्रश्न केवळ जमिनीचा नव्हता. त्या जमिनीवरचा देव, पीर, थडगे, जत्रा आणि आठवण यांचाही होता.

पहिली पायरी हरकतीची. इंग्रजांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सरकारने 'सार्वजनिक प्रयोजन' म्हटले की मालकाने जमीन सोडायची, एवढेच होते. भांडण करायचे तर मोबदल्याच्या रकमेवर. पुणे जिल्ह्यात मुळशीला टाटांच्या वीजधरणासाठी मावळ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या त्या याच कायद्याने. १९२१ मध्ये रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते या लढ्यात. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. दोन्ही शब्द फारसी आणि दोन्ही अस्सल मावळी. सत्याग्रह हरला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. १९२३ मध्ये भूसंपादन कायद्यात ५-अ हे कलम आले. आता जमीनमालकाला तीस दिवसांत हरकत नोंदवता येऊ लागली. पण हरकत ऐकणारा जिल्हाधिकारी सरकारचा आणि शेवटचा निर्णयही सरकारचा. 'तातडी' असे लिहिले की तेवढेही ऐकायचे कारण उरत नसे.

स्वातंत्र्यानंतर धरणे मोठी झाली, ऐकण्याची पद्धत तीच राहिली. नर्मदेच्या पाण्याचा तंटा सोडवायला १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याने १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. दहा वर्षे चाललेल्या या तंट्यात पक्षकार होती ती राज्ये : गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान. ज्यांची गावे बुडणार होती ते भिल्ल, पावरा आणि तडवी त्यात पक्षकार नव्हते. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांत सर्वांत आधी पाणी शिरले ते मणिबेलीत. मणिबेलीला शूलपाणेश्वराचे जुने देऊळ होते. ते बुडाले आणि गुजरातच्या हद्दीत गोरा इथे नवे देऊळ बांधले गेले. देऊळ हलवता येते, कारण त्याला भिंती असतात आणि भिंतींचा खर्च काढता येतो. पण आदिवासींचा गावदेव झाडाखाली असतो, वाघदेव माळावर असतो, पूर्वज नदीकाठच्या मातीत असतात. त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात रकाना नव्हता, कारण कुणी विचारलेच नव्हते. विचारले असते तर निदान यादी तरी झाली असती.

दुसरी पायरी मसलतीची. १९९६ मध्ये संसदेने 'पेसा' कायदा केला. अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे त्यात आले. आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा समर्थ आहे, हेही त्यातच आले. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम केले ते २०१४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. आणि विचारविनिमय झाला म्हणजे ऐकलेच पाहिजे, असे काही कायद्याने म्हटले नाही. मसलत झाली अशी नोंद कागदावर आली की फाईल पुढे सरकते.

गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर याचे जवळचे उदाहरण आहे. बाहेरच्यांसाठी तो लोहखनिजाचा डोंगर. माडिया गोंडांसाठी तिथे ठाकुरदेव आहे आणि दर जानेवारीत त्याची यात्रा भरते. २००७ मध्ये तिथे खाणपट्टा मंजूर झाला. सुरजागड पट्टीतल्या ग्रामसभांनी वर्षानुवर्षे त्याविरुद्ध ठराव केले. खाणीची क्षमता वाढवण्यासाठी २०२२ च्या ऑक्टोबरात जनसुनावणी झाली, ती गडचिरोली शहरात, डोंगरापासून शंभरहून अधिक किलोमीटरवर. रोजगार मिळतो म्हणून खाण हवी, असे म्हणणारे लोकही त्या भागात आहेत. त्यांचेही म्हणणे खरेच. पण ज्याच्या देवाबद्दल विचारायचे त्याला देवापासून इतके लांब बोलावून विचारणे, ही मसलत कोणत्या प्रकारची?

तिसरी पायरी रजामंदीची. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपला सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा जपण्याचा अधिकार दिला. त्याची कसोटी लागली ओडिशात. नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. डोंगरिया कोंध त्या डोंगराला नियमराजाचे स्थान मानतात. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, खाणीमुळे या लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावे. सभा चालू असताना जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा निरीक्षक हजर असावा, म्हणजे दडपण येणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बारा गावांत सभा झाल्या. बाराही गावे 'नाही' म्हणाली. २०१४ च्या जानेवारीत पर्यावरण मंत्रालयाने खाणीला नकार दिला. त्या सभा डोंगरातल्या गावांतच झाल्या होत्या, आणि लोक आपल्या भाषेत, आपल्या अंगणात बोलले होते. आपल्या इतिहासात 'विचारणे' म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

हे फक्त गरीब देशांचे दुखणे आहे असे कुणी समजू नये. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात जूकान नावाची घळ आहे. तिथल्या कातळगुहांत ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर होता. लोहखनिज काढणाऱ्या रिओ टिंटो कंपनीला २०१३ मध्ये तिथे काम करायची सरकारी परवानगी मिळाली. २०१४ मध्ये तिथेच उत्खनन झाले, तेव्हा केसांची वेणी घालून केलेला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा पट्टा सापडला. त्या केसांचे नाते आज हयात असलेल्या मूळनिवासींशी जुळले. पण परवानगी दिल्यानंतर नवे काही सापडले तर फेरविचार करायची सोय १९७२ च्या कायद्यात नव्हती. २०२० च्या मे महिन्यात सुरुंग लावून गुहा उडवल्या गेल्या. संसदेच्या चौकशीत पुढे आले की, गुहा वाचवून काम करण्याचे पर्याय कंपनीकडे होते आणि ते त्या लोकांना सांगितलेच नव्हते. कंपनीच्या प्रमुखासह तीन बड्या अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. राज्याने नवा कायदा केला. तो १ जुलै २०२३ पासून लागू झाला आणि जमीनमालकांची ओरड झाल्यावर ऑगस्टमध्येच मागे घेत असल्याचे जाहीर झाले. तिथल्या लोकांना विचारले नव्हते असे नाही. एकदा विचारले, अर्धे सांगून विचारले आणि मग दार लावून घेतले.

आता आपल्या शिरोळकडे या. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा इथे लागू नाही. आपल्याकडे वारशाचा कायदा भेटतो तो खिद्रापूरला. कोपेश्वराचे देऊळ संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करायला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट. दगडाला संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. पण हा कायदा दगड ओळखतो, वहिवाट ओळखत नाही.

आणि शिरोळचा मोठा वारसा वहिवाटीचाच आहे. नरसोबाच्या वाडीचे देऊळ बिनशिखराचे आहे. विजापूरच्या आदिलशहाने मुलीची दृष्टी परत आली म्हणून ते बांधून दिले, अशी आख्यायिका वाडीत भाविकच सांगतात. कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतो आणि मोहरम-गणपती एकत्र आले की दोन्हींचा मांड एकाच छताखाली असतो. उद्या रस्ता रुंद करताना एखाद्या पिराचा ओटा किंवा म्हसोबाचा दगड मध्ये आला, तर मोजणीच्या कागदावर त्याची नोंद 'अतिक्रमण' किंवा 'बांधकाम' अशी होईल. तिथे उरुसाला नैवेद्य कोण नेतो, हे त्या कागदावर येणार नाही.

पवनार ते पत्रादेवी या शक्तिपीठ महामार्गाने हा प्रश्न दारात आणून ठेवला आहे. देवस्थाने जोडणाऱ्या या रस्त्याच्या यादीत आपली वाडीही आहे. २०२४ मध्ये अधिसूचना निघाल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला. रस्ता हवा की नको यावर मतभेद असू शकतात. पण भाविकांच्या नावाने निघालेल्या कामातही जमिनीवरच्या माणसाच्या वाट्याला आली ती पहिलीच पायरी : हरकत नोंदवा.

कायदा वरच्या पायरीवर येईपर्यंत गावाने एक काम करून ठेवावे. आपल्या शिवारातली स्थाने ग्रामसभेत एकेक करून नोंदवावीत : देऊळ, दर्गा, पीर, म्हसोबा, कब्रस्तान, समाधी, जुनी विहीर, जत्रेची वाट. गट नंबर लिहावा, कोण कधी तिथे जाते ते लिहावे, ठराव करून इतिवृत्तात घ्यावे. त्या यादीत मुसलमानाने म्हसोबा सांगावा आणि मराठ्याने पीर सांगावा, कारण दोघांनाही दोन्ही ठाऊक आहेत. गावाची म्हातारी माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे. मोजणीदार आल्यावर यादी करायला बसलो, तर आपल्या हातात फक्त मोजके दिवस असतील.