पाच टक्क्यांचं कूळ

अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याच्या यारी रोडजवळ केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. स्थापना १९६१ची, १९८९पासून अभिमत विद्यापीठ. मत्स्यखाद्यावरचा शोधनिबंध इथला असो की परदेशातला, तक्त्यातल्या सरासरींच्या डोक्यावर ए, बी, सी अशी बारीक अक्षरं बसलेली असतात. तळाला ओळ असते: वेगळं अक्षर असलेल्या सरासरींमधला फरक लक्षणीय, पी ०.०५पेक्षा कमी. पीएचडी करणाऱ्या मुलामुलींचा जीव या आकड्यात अडकलेला असतो. 'सिग्निफिकंट आलं का?' हाच पहिला प्रश्न. ही ०.०५ची रेघ मारली कोणी?

तिचं मूळ गाव इंग्लंडमधलं रोथॅमस्टेड. तिथल्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले आणि १९२५ साली त्यांनी संशोधकांसाठी सांख्यिकी पद्धतींचं पुस्तक काढलं. विसांत एक ही मर्यादा त्यांनी सोयीची म्हणून सुचवली, कारण ती प्रमाण विचलनाच्या १.९६ पटीवर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर येते. त्यामागे निसर्गाचा नियम नव्हता. सवय मात्र जुनी होती. आधीचे संशोधक 'संभाव्य त्रुटी' नावाचं माप वापरत आणि फरक तिच्या तिपटीहून मोठा असला की त्याची दखल घेत. हिशेब केला तर ती तिप्पटही प्रमाण विचलनाच्या साधारण दुपटीएवढीच भरते. फिशर यांच्या तक्त्यांनी ही सवय पक्की केली. त्यांत ०.०५, ०.०१ असे मोजकेच स्तंभ छापलेले. हाताने आकडेमोड करणारा माणूस छापलेला स्तंभच वापरणार.

ही रेघ आपल्याकडच्या शेती संशोधनात रुजवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, आणि मला ही कथा तिथेच सर्वांत मोलाची वाटते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले आणि १९३३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पोचले. विभागप्रमुख कार्ल पिअर्सन निवृत्त झाल्यामुळे नेमका त्याच साली तिथला सांख्यिकीचा विभाग दुभंगला होता. एका बाजूला फिशर, दुसऱ्या बाजूला ईगॉन पिअर्सन आणि लवकरच पोलंडहून आलेले नेमन. फिशर यांच्या मते पी हा पुरावा किती सबळ आहे याचा अंदाज होता. नेमन-पिअर्सन चाचणीला निर्णयाचा नियम मानत. नसलेला फरक दिसणं आणि असलेला फरक निसटणं, या दोन्ही चुका आधीच तोलून ठेवा, असं त्यांचं सांगणं. सुखात्म्यांनी नेमन यांच्या वाटेने नमुना पाहणीवर काम केलं आणि १९३८ साली कोलकात्याच्या 'संख्या' नियतकालिकात फिशर-बेहरेन्स चाचणीवर संशोधन प्रसिद्ध केलं. पुढे विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेलं शेती संशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली काढलं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठातल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत 'पानसे-सुखात्मे' भेटतातच. वर्सोव्याची संस्थाही याच परिषदेची.

पण रेघ रुजली तेवढं तिच्यामागचं भांडण रुजलं नाही. फिशर यांचा पी आणि नेमन यांचा 'स्वीकारा की नाकारा' एकाच वाक्यात येऊ लागले, आणि तक्त्याची अक्षरं निकालपत्रासारखी वाचली जाऊ लागली.

समजा, रोहूच्या बोटुकलीला दोन खाद्यं दिली, प्रत्येकी तीन टाक्या. खाद्य टाकीला दिलेलं असतं, म्हणून एका टाकीत वीस मासे असले तरी मोजायची टाकी एकच. इथे पुष्कळजण घसरतात. सहा टाक्यांतून दोन वजा, उरले चार. फिशर यांच्या तक्त्यात चारसमोर पाच टक्क्यांच्या स्तंभात आकडा आहे २.७७६. नव्या खाद्यावरचे मासे सरासरी १२ ग्रॅमने जास्त वाढले आणि या फरकाची प्रमाण त्रुटी ५ ग्रॅम असली, तर भागाकार २.४. रेघ ओलांडली नाही, म्हणून 'खाद्याचा परिणाम नाही' असं लिहून मोकळं होणं साफ चूक आहे. ९५ टक्के विश्वास अंतराल उणे २ ते अधिक २६ ग्रॅम आहे. खाद्य निरुपयोगी असेल किंवा फार गुणाचंही असेल. तीन-तीन टाक्यांना ते सांगता येत नाही, एवढंच. दहा-दहा टाक्या असत्या आणि चढउतार तेवढेच राहिले असते, तर याच १२ ग्रॅमने रेघ सहज ओलांडली असती.

उलट बाजूची चूकही तेवढीच सर्रास होते. पी ०.०३ म्हणजे खाद्य कुचकामी असण्याची शक्यता ३ टक्के, असं नव्हे. दोन्ही खाद्यं सारखीच असती, तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची ती शक्यता. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून हेच बजावलं.

म्हणून शोधनिबंध हाती आला की आधी फरक किती, तो कोणत्या दोन टोकांच्या दरम्यान आणि टाक्या किती, एवढं पाहा. अक्षरं त्यानंतर वाचा.